म्हाळूनं उचललेला भंडारा

म्हाळू खोटं बोलला हे कळायला मला नऊ वर्षं लागली, आणि मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई आहे. पोरगं वर्गाच्या दारात उभं राहिलं की त्याचं खोटं मला चेहऱ्यावरून कळतं, असं मी येईल त्याला ऐकवायची. आता ऐकवत नाही.

म्हाळू आमच्या कडा गावाजवळच्या माळावर राहतो. साठीला टेकलेला धनगर, अंगानं काटक, बोलायला तुटक. मेंढरांशी जेवढं बोलतो त्याच्या निम्मंसुद्धा माणसांशी बोलत नाही. बारा वर्षांपूर्वी त्याची बायको बायनाबाई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या आम्ही दोघीतिघी वस्तीवर जाऊन तिच्यासाठी प्रार्थना करायचो. बायनाबाई उठली. दवाखान्याचं औषधही चालू होतं, त्यामुळे मी त्या गोष्टीचा डंका पिटत नाही. पण म्हाळूनं एक दिवस मला अडवून विचारलं की तुमच्या देवाला काय लागतं, बोकड की मेंढा. मी म्हटलं, त्याला तू लागतोस. त्यावर त्यानं चार महिने विचार केला आणि दोघांनी बाप्तिस्मा घेतला. भाऊकीनं थोडी आदळआपट केली, मग सोडून दिलं. मेंढरं एकाच माळावर चारायची तर रोज भांडून कसं चालेल?

आमची मंडळी म्हणजे दहाबारा घरं. दर रविवारी सकाळी उपासना माझ्या पडवीत होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी बीडहून पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येतात आणि त्या दिवशी प्रभुभोजन असतं, येशूची आठवण म्हणून एका भाकरीतला तुकडा सगळ्यांनी खायचा. भाकर फिरायला लागली की म्हाळू उठून बाहेर जायचा आणि चपलांपाशी बसायचा. विचारलं तर मेंढरांवर लक्ष ठेवायचंय म्हणायचा. मेंढरं असायची कोसभर लांब. मला मात्र त्याचं भारी कौतुक. बघा, कामात किती चोख माणूस आहे, असं मी चारचौघांत सांगायची. या वर्षी तर मी त्याचं नाव साक्ष द्यायला, म्हणजे येशूनं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, पुढे केलं. चैत्रात बीडची मंडळी आमच्याकडे यायची होती आणि आमच्याकडे मिरवण्यासारखा माणूस एवढा एकच होता.

साक्ष द्यायची म्हटल्यावर तो दोन रविवार फिरकलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तो पाळकांचा रविवार होता. भाकर फिरली, पण तो चपलांकडे गेला नाही. पडवीच्या मधोमध उभा राहिला आणि म्हणाला की मला आधी एक सांगायचंय. त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्याच्या शब्दांत ते पाच मिनिटांत संपलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी म्हाळू आणि सटवा या दोघांची मेंढरं एकत्र चरायची. सटवा त्याच्याच वयाचा, त्याच वस्तीचा. राखणीचा नेम ठरलेला होता. सूर्य डोक्यावर येईपर्यंत सटवा, तिथून पुढे म्हाळू. माळाला लागून बद्रीनाथरावांचं रान आहे. मोठे बागाईतदार, दोनदा सरपंच झालेले. त्या वर्षी त्यांनी बियाण्याचा कांदा धरला होता. कांदा पुन्हा जमिनीत लावायचा, त्याला फुलांचे गोंडे येऊ द्यायचे आणि त्यातून बी काढायचं. आमच्याकडे त्या गोंड्यांना डेंगळे म्हणतात. पाण्याची ओढ असलेलं साल, तरी त्यांनी टँकर लावून ते डेंगळे जगवले होते.

त्या दिवशी गावात लग्न होतं. म्हाळू जेवायला गेला, पोटभर जेवला आणि आपल्या राखणीच्या वेळेला परत आला. बांधावरून त्यानं हात वर केला. सटव्यानं तो बघितला, आपलाही हात वर केला आणि वस्तीची वाट धरली. म्हाळू लिंबाच्या सावलीत जरा पाठ टेकायला म्हणून आडवा झाला. जाग आली तेव्हा सगळा कळप डेंगळ्यांत होता आणि खाण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढे पंच बसले. तिथं म्हाळू म्हणाला की मी लग्नाला गेलतो, म्हणून त्या दिवशी आम्ही राखण बदलली होती, दुपार सटव्याकडे होती. लग्नात त्याला शंभर जणांनी पाहिलेलं, त्यामुळे सगळ्यांना ते पटलं. सटवा म्हणाला की बदलाबदली काही झाली नाही. दोघांचे दोन जबाब. मग धनगरांत असं झालं की जे करतात तेच केलं. परमेश्वर नावाचे जुने पंच आहेत, त्यांनी देवापुढची भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची ताटली आणून मध्ये ठेवली. जो खरा असेल त्यानं भंडारा उचलायचा. उचलणाऱ्याचा शब्द शेवटचा, आणि तो खोटा निघाला तर पुढचं देव बघून घेतो.

सटव्याचा हात ताटलीपर्यंत गेला आणि मागे आला. तो म्हणाला की मी म्हाळूचा हात वर झालेला बघून निघालो, पण तो मेंढरांपर्यंत पोचला का ते बघितलं नाही. तेवढी माझी चूक आहे. माझी काहीच चूक नाही असं देवाला हात लावून मी कसं म्हणू? लोकांनी त्यातलं ‘माझी चूक’ एवढंच ऐकलं. म्हाळूनं मात्र सरळ मूठ भरली, कपाळाला लावली आणि शपथ घेतली. तो ख्रिस्ती झालाय हे सगळ्यांना माहीत होतं, पण धनगराचं पोर भंडाऱ्याशी खोटं बोलेल हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

हे सांगताना पडवीत त्याचा आवाज पहिल्यांदा फुटला. तो म्हणाला, “भंडारा उचलताना माज्या मनात आलं, आपन तर आता येशूचे. ही नुस्ती हळद हाय. हिची खोटी शपथ आपल्याला लागत न्हाई.”

मला कानफटात बसल्यासारखं झालं. बाप्तिस्म्याच्या आधी त्याला शिकवायला मीच बसले होते. बिरोबाला न मानणं त्याला बरोबर कळलं होतं, आणि त्याचा त्यानं उपयोग काय केला तर शेजाऱ्यावर खोटा आळ घालायला. ज्याचा बिरोबावर विश्वास तो देवाला भिऊन खरं बोलला आणि मागे सरला. आमचा विश्वासी बेधडक पुढे झाला. असं कोडगं धाडस दुसऱ्या धनगराला झालंच नसतं.

सटव्याचं पुढे काय झालं ते गावाला माहीत आहे. पीक निघालं की शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. मेंढपाळाचं बरंचसं पोट त्यावर असतं. सटव्याची मेंढरं बसवायला कुणी बोलावेना, बांधाला उभी करू देईना. वर्षाच्या आत त्यानं कळप विकला आणि केजकडे सासुरवाडीला निघून गेला. म्हाळूचा भाव मात्र वाढला. बद्रीनाथरावांच्या रानात पहिला मान त्याच्या मेंढरांना मिळू लागला. कुठे तंटा झाला की लोक म्हणायचे, म्हाळूला विचारा, तो भंडारा उचललेला माणूस आहे. नऊ वर्षं तो त्या खोट्यावर जेवत होता, आणि पाप लपवून ती खाऊ नये म्हणून प्रभूची भाकर आली की उठून बाहेर जात होता.

मग आताच का? तर माघात तो मेंढा बघायला केजच्या बाजारात गेला होता. एका व्यापाऱ्याचा मेंढा त्याला पसंत पडला. दावं धरायला व्यापाऱ्याचा गडी उभा होता. तो सटवा होता. व्यापारी पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळला तसा सटवा हळूच म्हणाला, “काय बे म्हाळू, दात बगितलेस का? म्हातारा हाय त्यो. घेऊ नको.” एवढं बोलला आणि दावं धरून पुढे गेला. ज्याच्या जिवावर पोट, त्याचा सौदा त्यानं मोडला, आणि तोही कुणासाठी? म्हाळू बाजारातून रिकाम्या हातानं आला आणि तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

आता माझं सांगते, कारण ते गाळलं तर मीही भंडारा उचलणाऱ्यांतलीच होईन. म्हाळूचं बोलणं संपल्यावर पडवीत सगळे रडले. पाळकांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. मग मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, म्हाळू, तू कबूल केलंस, देवानं क्षमा केली, आता हे इथंच मिटलं. मी असं का म्हणाले? दयेपोटी नव्हे. चैत्रात बीडची मंडळी येणार होती. गावात हे फुटलं तर लोक काय म्हणतील, ख्रिस्ती झाला आणि खोटी शपथ घेतली, हेच शिकवतात का तुम्हाला? मला मंडळीचं नाव सांभाळायचं होतं. सटव्याच्या नावाचं काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही.

म्हाळूनं माझा हात खाली केला. “बाई,” तो म्हणाला, “तुमच्याफुडं रडाया सोपं हाय. तुमचं मी काय बिगडवलं न्हाई. जितं खोटं बोललो तितं जाऊन खरं बोलतो, सटव्याफुडं. तवर मी ह्या भाकरीला हात लावनार न्हाई.”

मी चिडले. मला शहाणपण शिकवतोस का, असंही बोलून बसले. भाऊकी वाळीत टाकील, बद्रीनाथराव रानात पाऊल ठेवू देणार नाहीत, म्हातारपणी मेंढरं कुठे नेशील, अशी सगळी भीती घातली. तो ऐकत राहिला आणि शेवटी चपला घालून निघाला. बायनाबाई मागून उठली. मला वाटलं ही तरी त्याला आवरेल. ती जाताना म्हणाली की त्या दिवशी लिंबाखाली मीच त्याला उठवलं होतं, नऊ वर्षं मी गप्प बसले, आता मीही याच्याबरोबर जाते.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं केजला गेली. सटवा गावाबाहेर व्यापाऱ्याच्या मेंढवाड्यावर मेंढरांना पाला टाकत होता. म्हाळूनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. सटव्यानं हातातलं काम थांबवलं नाही. पाला संपल्यावर म्हणाला की हे मला माहीतच होतं, तू मला नवीन काय सांगतोस? मग विचारलं, “आता कावून?” म्हाळू म्हणाला की तू मला मेंढ्याचे दात दाखवलेस म्हणून. त्यावर सटवा भडकला. माझा कळप गेला, मला लोकांची मेंढरं धरून उभं राहावं लागतं, माझ्या बापाच्या वस्तीवर नऊ वर्षांत मी पाऊल ठेवलं नाही आणि तू मला मेंढ्याचे दात सांगतोस, असं म्हणून त्यानं दोघांना हाकलून दिलं. बायनाबाईनं निघताना एवढंच सांगितलं की बिरोबाच्या जत्रेला पंच बसतील तेव्हा हा बोलणार आहे, तुम्ही या किंवा येऊ नका.

मधल्या महिन्यात बद्रीनाथरावांच्या कानावर गेलं. त्यांनी म्हाळूला बोलावून घेतलं आणि चांगल्या शब्दांत समजावलं की झालं गेलं सगळे विसरलेत, उकरून कुणाचं भलं होणार? म्हाळूनं त्यांना विचारलं की सटवा विसरला का, हे तुम्ही त्याला विचारलंत का? मीही एकदा वस्तीवर जाऊन आले, खरं तर पुन्हा अडवायलाच. तो मेंढराच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणाला की बाई, काटा कुठून काढायचा असतो? मी आले तशी परत फिरले. शाळेत असते तर त्याला उर्मट म्हणून बाकावर उभं केलं असतं.

जत्रेच्या दिवशी मी देवळाच्या आवारात गेले. ख्रिस्ती बाई बिरोबाच्या जत्रेत काय करते, असं दोघातिघांनी बघून घेतलं. मी बायकांत बायनाबाईशेजारी बसले. जेवणाआधी पंच बसले तेव्हा म्हाळू पुढे झाला. सटवा आला होता. लांब, कुंपणाला टेकून उभा होता, आणि कुणी त्याला पुढे ये म्हटलं नव्हतं.

म्हाळूनं सांगितलं. लग्न, बांधावरून वर केलेला हात, लिंबाची सावली, डेंगळे, भंडारा. एकही गोष्ट त्यानं गाळली नाही आणि एकही रंगवली नाही. आवारात गलका झाला. कुणी म्हणालं की याला सटव्यानं फितवलं. कुणी म्हणालं की म्हातारपणी डोकं फिरलं, भंडारा उचललेला माणूस खोटा कसा असेल? परमेश्वर पंच आता पार थकलेत. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि ताटली मागवली. म्हणाले, तवाचा शब्द भंडाऱ्याचा होता, तो भंडाऱ्यानंच फिरंल. आज जे बोलतोस ते खरं असेल तर उचल.

एक मूठ उचलली की सगळं सुटत होतं. लोकांनी विश्वास ठेवला असता, सटव्याला नाव परत मिळालं असतं. खोट्यासाठी उचलला तर खऱ्यासाठी उचलायला काय हरकत, असं क्षणभर मलाही वाटलं. मी बायनाबाईकडे पाहिलं. तिचे डोळे म्हाळूवर होते आणि ओठ हलत होते.

म्हाळूनं ताटलीला हात जोडले, पण भंडारा उचलला नाही. “त्या दिशी मी उचलला तितंच चुकलो,” तो म्हणाला. “माजा देव येशू हाय, त्याला मी तवा बाजूला सारलं. तुमचा देव मी मानत न्हवतो आन् तरी त्याला हात लावून तुमाला फशिवलं. दोनीकडं खोटा झालो. आता शपथ कुनाचीच घेनार न्हाई. मी बोललो ते खरं हाय. तुमी मानलं तर मानलं.”

मग तर फारच आवाज चढले. न उचलणारा खोटा, हा तिथला सरळ हिशोब. दोघं तरणे उठून पुढे आले आणि म्हाळूला खाली बसवायला लागले. तेवढ्यात कुंपणाकडून सटवा चालत आला. लोकांनी वाट दिली, बहुतेक तो भंडारा उचलायलाच येतोय असं वाटून. त्यानं ताटली दोन्ही हातांनी घेतली, देवळात नेली, देवापुढे जागच्या जागी ठेवली आणि बाहेर येऊन पंचांपुढे उभा राहिला.

“त्या दिशी मी बिनशपथेचं खरं बोललो,” तो म्हणाला. “तुमी ऐकलं न्हाई. आज ह्यो बिनशपथेचं बोलतोय. आज तरी ऐका.”

परमेश्वर पंच उठले. त्यांना उठायला दोघांनी हात दिला. ते सटव्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की जेवायला माझ्या पंगतीला बस. आमच्याकडे एखाद्याला परत घरात घ्यायचं म्हणजे एवढंच असतं. म्हाळूला मात्र त्या पंगतीला कुणी बोलावलं नाही. तो आणि बायनाबाई घरी जाऊन जेवले, आणि मीही त्यांच्याकडेच जेवले. भाकरी आणि ठेचा होता. जेवताना मी म्हाळूला म्हटलं की माझं चुकलं. तो म्हणाला, कालवण वाढू का?

बद्रीनाथरावांनी या वर्षी त्याची मेंढरं रानात बसवली नाहीत. भाऊकीतली तीन घरं बोलत नाहीत. म्हाळूनं अर्धा कळप सटव्याला देऊ केला. सटवा म्हणाला की भीक नको. चार दिवसांनी मात्र तो बिऱ्हाड घेऊन वस्तीवर आला. अर्धी मेंढरं त्यानं स्वतः निवडून घेतली, दात बघून, आणि घेताना म्हाळूशी एक अट घातली. सकाळची राखण त्याची. दुपारची म्हाळूची, आणि झोपायचं नाही. माफ केलं असं तो अजूनही म्हणालेला नाही. म्हाळूनंही पुन्हा विचारलेलं नाही.

बीडची मंडळी आली, तेव्हा साक्ष कुणी दिली? मी दिली. साक्ष कसली, मी म्हाळूला गप्प बसवायला निघाले होते ते सगळं त्यांना सांगितलं. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकांना यायला उशीर झाला, उपासना लांबली. भाकर फिरली तेव्हा माझं लक्ष चपलांकडे गेलं. तिथं कुणी नव्हतं. म्हाळू रांगेत होता. नऊ वर्षांनी त्यानं दोन्ही हात पुढे केले, भाकर घेतली, खाल्ली आणि डोळे मिटून बसला. त्याचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

शेवटचं गीत सुरू होण्याआधी तो उठला. गीत व्हायच्या आत उठणाऱ्यांना मी नेहमी झापते, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हाळूनं बाहेर जाऊन उन्हाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला की बाई, सूर्य डोक्यावर आला, सटवा वाट बघत असेल. मी म्हटलं, मग थांबलास कशाला, पळ.